तपासणीचा तास

मे महिना उजाडला तरी गारठा हटत नव्हता. अशाच एका सोमवारी फ्राऊ कीर्मायरनी नंदिनीला झेरॉक्स मशीनपाशी गाठलं. "गुरुवारी तिसरा तास, आठवी ब. मी येऊन बसेन," एवढं बोलून त्या आपले कागद उचलून चालत्या झाल्या. मुख्याध्यापिका बाई साठीला टेकलेली, पायात सपाट बूट, चालताना आवाज म्हणून नाही. इकडे नंदिनीचे वीस कागद मशीनमधून बाहेर येऊन फरशीवर सांडले तरी तिला पत्ता नाही. मागे उभ्या असलेल्या संगीताच्या शिक्षकाने ते उचलून दिले आणि सगळं ठीक ना, असंही विचारलं.

ठीक कुठलं असायला? फेब्रुवारीत बाई एकदा येऊन बसल्या होत्या. तेव्हा नंदिनी पंचेचाळीस मिनिटं फळ्यापाशी उभी राहून घसा कोरडा पडेपर्यंत बोलली होती. इस्लामपूरच्या ज्युनिअर कॉलेजात आठ वर्षं ती तशीच बोलत आली होती, आणि पोरं तिच्यावर जीव टाकायची. इथे तास संपल्यावर बाईंनी विचारलं होतं, "तुम्ही काय केलंत ते मी पाहिलं. मुलांनी काय केलं?" त्यावर नंदिनीला उत्तर सुचलं नाही. ते न सुचणं बुटातल्या खड्यासारखं तिला अजून टोचत होतं.

गोष्ट साधी होती आणि म्हणूनच जीवघेणी होती. जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या अलीकडे, हॉप्सच्या मळ्यांमध्ये वसलेल्या या गावात रेआलशुले, म्हणजे पाचवी ते दहावीची शाळा होती. तिथे भौतिकशास्त्राला माणूस मिळेना, म्हणून नंदिनीला एका वर्षाच्या करारावर घेतलं होतं. करार जुलैअखेर संपणार होता. पुढे दोन वर्षांचं रीतसर प्रशिक्षण आणि मग कायमची नोकरी अशी सोय होती. पण त्या प्रशिक्षणात जागा मिळायची तर मुख्याध्यापिकेचा अहवाल लागे, आणि तो मे संपायच्या आत वर जायचा होता. त्यात सुमितची, म्हणजे तिच्या नवऱ्याची, गाड्यांचे भाग बनवणारी कंपनी डिसेंबरात बंद पडलेली. नंदिनीची जागा हुकली तर हे गाव, हे घर, नऊ वर्षांच्या अन्वीची शाळा, सगळा बाडबिस्तरा उचलावा लागणार होता. कुठे, ते नवराबायको एकमेकांना विचारत नव्हते.

संध्याकाळी सुमित श्टाडलर नावाच्या शेतकऱ्याच्या हॉप्सच्या मळ्यावरून आला तो कोपरापर्यंत ओरबाडलेला. हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा देणारी वेल. सात मीटर उंच खांबांवरून जमिनीपर्यंत तारा सोडतात, आणि या दिवसांत एकेका तारेवर तीन तीन कोंब हाताने गुंडाळायचे असतात. बाकीचे खुडून टाकायचे. वेलीच्या अंगावर बारीक काटे, हात आगीसारखे होतात. हे काम यंत्राला येत नाही. पोलंडहून, रुमेनियाहून माणसं येतात, आणि यंदा त्यांच्या रांगेत बारा वर्षं डिझाइनच्या टेबलावर बसलेला एक मराठी इंजिनिअर गुडघ्यांवर सरकत होता. घरी बसून भिंती बघण्यापेक्षा हे बरं, असं तो म्हणे.

"गुरुवारी बाई येणारेत वर्गावर," नंदिनीने त्याच्या हाताला खोबरेल लावता लावता सांगितलं.

सुमित काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून मनोरमाबाई आल्या. सुमितची आई. सांगलीकडच्या एका हायस्कुलात एकोणीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या, आणि तीन महिन्यांसाठी लेकाकडे आल्यापासून त्यांना करायला काही उरलं नव्हतं. नात जर्मनमध्ये उत्तरं देई, शेजारीण नुसती हसे. आता मात्र त्यांच्या डोळ्यांत तेज आलं.

"तपासणी म्हण की. मग घाबरतेस कशाला? उद्या-परवा तोच तास वर्गावर घेऊन टाक. कोण कुठलं उत्तर देणार ते ठरवून ठेव. हुशार पुढे, बोलकी मधे."

"अहो आई, इथे तसं नसतं."

"साहेब सगळीकडे सारखेच गं. आमच्याकडे विस्तार अधिकारी यायचे तेव्हा कच्च्या पोरांना मी झाडांना पाणी घालायला पाठवायची. साहेब खूश, झाडंही खूश. एकदासुद्धा शेरा वाईट आला नाही."

सुमित हसला. नंदिनीही हसली, पण ते बोलणं तिच्या मनात घर करून राहिलं. बुडत्याला काडीचा आधार, आणि ही तर सासूबाईंनी एकोणीस वर्षं वापरलेली काडी होती.

बुधवारी तिने आठवी ब वर गुरुवारचा तास घेतला. स्प्रिंगला वजनं टांगायची, दर वजनाला लांबी मोजायची, तक्ता भरायचा. सहा गट केले. प्रश्न विचारले, उत्तरं कुणी द्यायची ते ठरवलं. दोन गटांचे आकडे इकडेतिकडे झाले, तेव्हा तिने फळ्यावर बरोबर आकड्यांचा तक्ता लिहून दिला आणि वहीत उतरवून घ्यायला सांगितलं. उद्या पुन्हा हेच करायचंय, नीट करू या, असं म्हणाली. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

थेरेसा श्टाडलरला तिने कपाटाशी उभं केलं होतं. सुमित ज्या मळ्यावर राबत होता त्या श्टाडलरची ही मुलगी, चौदा वर्षांची, थोराड हाडाची. चाचणीत कायम तळाला. वजनं काढून देणं आणि मोजून परत ठेवणं, एवढंच काम तिला दिलं. आपण हिला झाडांना पाणी घालायला पाठवलं, हे नंदिनीला तेव्हाच कळलं होतं. कळूनही तिने केलं.

गुरुवारी बाई आल्या. वही नाही, फाइल नाही. शेवटच्या बाकावर खिडकीशी जाऊन बसल्या. त्याच बाकावर थेरेसा. तिच्या गटातली दोघं त्या दिवशी आजारी पडली होती, त्यामुळे स्प्रिंग तिच्या एकटीसमोर होती. नंदिनीच्या ते लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. बाईंच्या देखत तिला उठवून कपाटाशी कसं पाठवणार?

तास लोण्यासारखा चालला. प्रश्न पुरता विचारून व्हायच्या आत उत्तर येई. ठरलेले हात वर जात, ठरलेली वाक्यं येत. मॅक्सिमिलियान तर तिच्याकडे न पाहता बोलला, पाठ केलेल्या पाढ्यासारखं. नंदिनीला आधी बरं वाटलं, मग तिने बाकांकडे पाहिलं. वर्गात वजनांचा आवाज होत होता, पण पट्टीकडे कुणी बघत नव्हतं.

बाई उठल्या. एकेका गटामागे उभ्या राहून वह्या पाहत गेल्या. सगळीकडे बारा पूर्णांक चार, चौदा पूर्णांक आठ, सतरा पूर्णांक दोन. मिलिमीटरचाही फरक नाही. फिरून त्या थेरेसापाशी आल्या. तिथे तेरा पूर्णांक सात, सोळा पूर्णांक एक, अठरा पूर्णांक पाच.

"तुझे आकडे वेगळे कसे?" बाईंनी विचारलं.

थेरेसाने मान वर केली. "मी आज मोजलेत. त्यांनी कालचे लिहिलेत."

बाहेर ट्रॅक्टर गेला त्याचा आवाज तेवढा आला. नंदिनीच्या कानाच्या पाळ्या तापल्या, हातातला खडू तिने इतका दाबला की मोडून अर्धा खाली पडला. तो उचलायला वाकावं की नाही, हेही तिला ठरवता येईना. उरलेली अकरा मिनिटं ती काय बोलली, ते तिला मागाहून आठवलं नाही.

बाईंच्या खोलीत चहा नाही, पाणी नाही. दार लावून त्या समोर बसल्या.

"हा तास किती वेळा घेतला?"

"एकदा. काल."

"का?"

मुलांना उजळणी हवी होती, असं म्हणता आलं असतं. थेरेसाचा गोंधळ झाला, असंही म्हणता आलं असतं, आणि त्या पोरीच्या गुणांकडे पाहून ते खपलंही असतं. नंदिनीच्या जिभेवर ते वाक्य आलं. आणि तिला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळे भरून आले.

"तुम्ही चुका शोधायला येणार असं वाटलं म्हणून. आमच्याकडे वरिष्ठ येतात तेव्हा वर्ग बसवून ठेवतात. मला ते ठाऊक होतं, मी ते केलं. थेरेसाला मी मुद्दाम बाजूला ठेवलं होतं." सासूबाईंचं नाव तिने काढलं नाही.

बाई म्हणाल्या, "हे मला अहवालात लिहावं लागेल."

"जा," नंदिनी म्हणाली. हो म्हणायचं हे जर्मन तिच्या तोंडी आता आपोआप येई.

"आणखी एक. फेब्रुवारीत मी तुम्हाला प्रश्न विचारला आणि दार लावून निघून गेले. उत्तर कसं शोधायचं ते दाखवायला आले नाही. माणसं कमी, कामं फार, हे खरं, पण ते माझंच काम होतं." त्यांनी टेबलावरचं वेळापत्रक ओढलं. "सोमवारी याच वर्गावर माझा गणिताचा तास आहे. तुम्ही मागे बसा. नंतर मला सांगा काय दिसलं. बुधवारी मी तुमच्याकडे येईन."

घरी आल्या आल्या मनोरमाबाईंनी विचारलं, "काय म्हणाली गं साहेबीण?"

"कळलं त्यांना, आई." नंदिनीने थेरेसाचं सगळं सांगितलं.

मनोरमाबाईंचा चेहरा पडला. मग त्यांना राग आला, आणि तो भलतीकडेच गेला. "त्या पोरीला कुणी सांगितलं होतं मधे तोंड घालायला?"

"ती पोरगी बरोबर बोलली, आई," सुमित ताटावरून म्हणाला. "सगळ्या वर्गात एकट्या तिनेच काम केलं."

"म्हणजे मी चुकले म्हण."

कुणी तसं म्हटलं नाही, आणि कुणी नाहीही म्हटलं नाही. मनोरमाबाई भात तसाच टाकून उठल्या. अन्वीने आजीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, "वास इस्ट लोस?" असं काय झालंय ते विचारलं. उत्तर न मिळाल्यावर तीही ताट घेऊन आत गेली.

शनिवारी नंदिनी सुमितचा डबा घेऊन मळ्यावर गेली. वारा असा की तारा गुणगुणत होत्या. सुमित चिखलात गुडघ्यांवर, पाठीला हात लावत सरकत होता, आणि त्याच्या शेजारच्या रांगेत थेरेसा. शिक्षिकेचा नवरा आपल्या विद्यार्थिनीच्या बापाच्या शेतात मजूर, आणि मधे डबा घेऊन आपण उभ्या. नंदिनीला वाटलं, आल्या पावली परत फिरावं.

"ही माझी मास्तरीण," सुमित मराठीत म्हणाला. "पहिल्या दिवशी मी अख्खी रांग उलटी गुंडाळली. वेल घड्याळाच्या काट्यांसारखी फिरवायची असते. ही बाजूला उभी राहून बघत होती, एक अक्षर बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्या रांगेपाशी घेऊन आली. सगळे कोंब तारेवरून सुटून खाली. मग तिने एक बरोबर गुंडाळून दाखवला आणि बाकीचे माझ्याकडून करून घेतले. तेव्हापासून एक चुकला नाही."

"आधीच का नाही सांगितलंस?" नंदिनीने थेरेसाला जर्मनमध्ये विचारलं.

"सांगितलं असतं तर ते नुसतं हो म्हणाले असते आणि विसरले असते." थेरेसाने हातातला कोंब तारेला दोन वेढे दिले. बोटं भेगाळलेली, नखांत माती. मग खाली बघतच ती म्हणाली, "फ्राऊ थोरात, परवा मी बोलायला नको होतं का?"

"तू मोजलंस, तू सांगितलंस," नंदिनी म्हणाली. "नको ते मी केलं." विद्यार्थिनीपुढे असं बोलायची ही तिची आयुष्यातली पहिली वेळ होती.

सोमवारी ती शेवटच्या बाकावर थेरेसाशेजारी बसली. बाक ठेंगणा, गुडघे खालच्या फळीला लागत होते. फ्राऊ कीर्मायर टक्केवारी शिकवत होत्या आणि बाई खरोखर पट्टीच्या शिक्षिका होत्या. भराभर प्रश्न, भराभर उत्तरं, मधेच एक विनोद, सगळा वर्ग हसतोय. तास संपला तेव्हा नंदिनीला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

"आल्झो?" म्हणजे मग, काय दिसलं, असं खोलीत गेल्यावर बाईंनी विचारलं, पेन उघडून.

"फार छान झाला तास."

बाईंनी पेन बंद केलं. "तीस वर्षं शिकवतेय. छान झाला ते मलाही कळलं. मला दिसलं नाही असं काहीतरी सांगा."

नंदिनी अवघडून बसली. वरिष्ठाच्या तोंडावर त्याची चूक सांगायची, हे तिला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. उलट न सांगायचं शिक्षण बालवाडीपासून पदरात पडलेलं. आणि हाच हात उद्या आपला अहवाल लिहिणार. सांगावं तर दुखावतील, न सांगावं तर गुरुवारसारखा आणखी एक खोटा तास. घड्याळाचा काटा पुढे सरकत राहिला. बाई वाट पाहत होत्या, मदतीला एक शब्दही देत नव्हत्या.

"थेरेसाने दोनदा हात वर केला होता," नंदिनी शेवटी म्हणाली. "अर्धाच. खांद्यापर्यंत. तुम्ही दोन्ही वेळा मॅक्सिमिलियानला विचारलंत. दुसऱ्यांदा तिने तो हात मानेमागे नेला, खाजवायला वर केल्यासारखा. तिच्या वहीत उत्तर बरोबर होतं."

बाईंचा गळा लाल होत गेला, मग गाल. त्या उठून खिडकीपाशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. झालं, आता संपलं, नंदिनीने मनाशी म्हटलं.

"सहावीपासून शिकवते मी तिला," बाई काचेकडे बघत म्हणाल्या. मग टेबलाशी येऊन त्यांनी पेन उघडलं आणि ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. अर्धाच हात, खांद्यापर्यंत.

बुधवारी नंदिनीने काही बसवलं नाही. तिने थेरेसाची स्प्रिंग आणि एक नवी स्प्रिंग शेजारी शेजारी टांगली आणि एकच प्रश्न विचारला, "हिचे आकडे वेगळे का आले? शोधा." आणि गप्प बसली. गप्प बसणं केवढं कष्टाचं असतं, ते तिला त्या दिवशी कळलं. ओठ दाताखाली धरून उभी होती. पहिली पाच मिनिटं नुसता गोंधळ. मॅक्सिमिलियानने पट्टी उलटी धरली. एकाने स्प्रिंगला इतकी वजनं टांगली की ती सुटून त्याच्याच पायावर पडली. बाई मागे बसून सगळं बघत होत्या, आणि नंदिनीला दिसत होतं की आपला अहवाल वजनांबरोबर जमिनीवर आपटतोय.

तेवढ्यात थेरेसाचा हात वर झाला. अर्धाच. नंदिनी चालत तिच्यापर्यंत गेली.

"काहीच टांगलं नाही तरी ही लांबच आहे," थेरेसा म्हणाली. "कुणीतरी आधीच जास्त ओढलीय. ती परत गेलीच नाही."

"तुझं खरं कशावरून?" पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं. आणि मग वर्गात भांडण लागलं, खरंखुरं, पट्टी हातात घेऊन. घंटा झाली तेव्हा फळ्यावर एक ओळ नव्हती. बाई निघून गेल्या. नंदिनीने एकटीने वजनं गोळा केली.

दहा दिवसांनी बाईंनी तिला बोलावून अहवाल हातात दिला. वाचा आणि पटलं तर सही करा, म्हणाल्या. दोन पानं. नंदिनीने सही केली आणि प्रत घेऊन ती बस न पकडता चालत घरी आली.

सुमितने आईला तो मोठ्याने मराठी करून वाचून दाखवला. फेब्रुवारीतला तास, कमकुवत. मेमधला पहिला तास आदल्या दिवशी बसवलेला होता, विचारताच शिक्षिकेने कबूल केलं.

"हेही लिहिलं?" मनोरमाबाईंनी विचारलं.

"लिहिलंय. ऐक पुढे. माझ्या स्वतःच्या तासात एक विद्यार्थिनी मला तीन वर्षं दिसली नव्हती, ती यांनी मला दाखवली. प्रशिक्षणासाठी मी यांची शिफारस करते. पुढच्या वर्षी आम्ही दोघी दर आठवड्याला एकमेकींच्या वर्गात बसू." सुमितने कागद खाली ठेवला. "राहतोय आपण, नंदू."

नंदिनी मटकन खुर्चीत बसली आणि रडायला लागली. अन्वीने येऊन तिच्या गळ्यात हात टाकले. मनोरमाबाईंनी मात्र तो न कळणाऱ्या भाषेतला कागद उचलला, चष्मा लावला आणि उलटून पालटून बघत राहिल्या.

"ती साहेबीण कुठे बसली होती म्हणालीस गं?"

"मागे, आई. शेवटच्या बाकावर."

"मी वर्गावर गेले की शिपाई खुर्ची आणून फळ्याजवळ ठेवायचा. पोरांकडे तोंड करून." त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "एकोणीस वर्षं सगळ्यांना मी दिसायचे. झाडांना पाणी घालणारी पोरं कोण होती, त्यातल्या एकाचं नाव आठवत नाही मला."

थोड्या वेळाने मनोरमाबाई उठल्या, सुमितसाठी काढून ठेवलेली खोबरेलाची वाटी त्यांनी घेतली आणि विचारलं, "ती श्टाडलरची पोर येते का रे मळ्यावर उद्या? तिच्या हातांना भेगा आहेत म्हणत होतास. मला घेऊन चल."